पाय जळतात, त्याची नोंद कुठे?



हिंगोली जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांबरोबर काम करताना एक तक्रार मी सतत ऐकते, "ताई, तळपायाची नुसती आग होते." कुणाला मुंग्या येतात, कुणाला सुया टोचतात. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. घरी याला 'कामाचा कंटाळा' म्हणतात, दवाखान्यात 'अशक्तपणा'. बाईच्या दुखण्याला ही दोन उत्तरं आपल्याकडे कायम तयार असतात.

हे दुखणं खरं आहे. त्यात मज्जातंतूंना इजा झालेली असते. सर्वांत लांब तंतू पायांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. एचआयव्हीच्या विषाणूमुळे ही इजा होतेच. मधुमेह, दारू, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही होते. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड गोळीमुळेही होऊ शकते. म्हणून त्या गोळीसोबत ब-६ जीवनसत्त्व द्यायचं असतं.

आणखी एक कारण उपचारातच होतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्यांनी असंख्य बायकांना जगवलं, हे निर्विवाद. पण सुरुवातीच्या त्या औषधांत स्टॅव्हुडीन होतं. ते स्वस्त होतं, पण मज्जातंतूंना घातक होतं. त्याचे दुष्परिणाम कायमचे राहू शकतात, म्हणून ते टप्प्याटप्प्याने बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलं. पुढे भारतातही ते बंद झालं. औषध गेलं, काहींच्या पायांतली आग मात्र राहिली.

हे सांगायचं कारण असं की 'गोळ्यांनीच पाय जळतात' म्हणून काही जणी आजच्या गोळ्याही सोडतात. तसं करू नका. आज बहुतेकींना टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर मिळतं. त्यांत स्टॅव्हुडीन नाही. गोळ्या सोडल्या तर विषाणू पुन्हा बळावतो, आणि तंतूंची इजाही वाढते.

आमच्या भागातली बाई खुरपणी करते, हळद काढते, शिजत्या हळदीच्या कढईशेजारी वावरते. बधिर पायाला काटा रुतला, चटका बसला तरी तिला कळत नाही. बसून करायचं काम मागावं, तर मुकादम कारण विचारणार आणि कारण सांगितलं की गावभर होणार. एचआयव्हीमुळे कामावर भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई केली, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागूही झाला. पण रोजंदारीच्या बाईला तो अजून शेताच्या बांधावर भेटलेला नाही.

म्हणून आपली मागणी साधी आहे. एआरटी केंद्रावरच्या प्रत्येक भेटीत 'पाय दुखतात का, बधिर होतात का?' हे विचारलं जावं आणि उत्तर कार्डावर लिहिलं जावं. नादकाटा पायाच्या अंगठ्याला लावून तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. साखर आणि ब-१२ तपासावं. मज्जातंतूंच्या वेदनेची औषधं साध्या वेदनाशामक गोळीपेक्षा वेगळी असतात; ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने ती देऊन पाहण्याचा हक्क बाईला आहे.

तोवर आपण एकमेकींचे पाय रोज पाहू या. आणि पुढच्या भेटीत कुणी विचारलं नाही, तर आपणच सांगू या, "पाय जळतात, लिहून घ्या."