लिंबूटिंबूचा झेल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझा चुलतभाऊ माझ्याच वयाचा. पण त्याची शाळा तिसरीतच सुटली. गाव त्याला ‘येडा’ म्हणते. कायद्यात त्याला बौद्धिक दिव्यांग म्हणतात, हे मला येथे आल्यावर कळले.

लहानपणी केळीच्या बागेशेजारी पडीक जागेत आम्ही क्रिकेट खेळत असू. तोही येई. त्याला आम्ही लिंबूटिंबू ठरवले होते. तो आऊट झाला तरी आऊट नाही, आणि त्याच्या धावाही मोजायच्या नाहीत. आपण मोठे उपकार करतो असे आम्हांला वाटे. एके दिवशी त्याने बांधापर्यंत पळत जाऊन सुरेख झेल घेतला. फलंदाज मीच होतो. “लिंबूटिंबूचा झेल धरत नाहीत,” असे म्हणून मी खेळतच राहिलो. तो चेंडू हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. पुढे तो खेळायला आला नाही.

बौद्धिक दिव्यांगांसाठी १९६८ साली अमेरिकेत शिकागो येथे युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने ‘स्पेशल ऑलिंपिक’ सुरू झाले. २०२३ साली बर्लिनच्या स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदके मिळवली. त्यांत ७६ सुवर्णपदके होती. याच चळवळीत ‘युनिफाइड’ नावाचा प्रकार आहे. त्यात दिव्यांग व इतर खेळाडू एकाच संघात घेतात, शक्यतो सारख्या वयाचे आणि सारख्या कुवतीचे. तेथे लिंबूटिंबू कोणी नसतो. ज्याचा गोल त्याच्या नावावर, आणि ज्याची चूक त्याच्या पदरात. मला हीच गोष्ट मोठी वाटते. दया आम्हीही केली होती. पण त्याला हिशेबात धरले नव्हते.

कोणी म्हणेल, हे शहरांनी करावे. पण काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते १९३६ साली आपल्या फैजपुरातच ना? शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही खेळातला त्यांचा सहभाग मान्य केला आहे. आपल्याजवळ मैदान आहे, बॅट-चेंडू आहे. यंदा स्नेहसंमेलनाच्या क्रीडास्पर्धांत असा एक मिश्र सामना ठेवावा, अशी गुरुजनांना व विद्यार्थी बंधु-भगिनींना माझी विनंती आहे.

त्या सामन्याला मी चुलतभावाला बोलावणार आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. पण आला आणि त्याने माझा झेल घेतला, तर मी मुकाट्याने बॅट खाली ठेवीन.

– द्वितीय वर्ष, कला