हवाई छत्रीतील धातूची पारख

'पॅराशूट'ला आपण मराठीत 'हवाई छत्री' म्हणतो. शब्द सोपा आहे. पण तो ऐकताच आपले सारे लक्ष कापडाकडे जाते. आपल्या घरातील साधी छत्रीच आठवून पाहा. तिचे कापड फाटण्यापूर्वीच बहुधा एखाद्या काडीचा सांधा निखळतो, किंवा दांड्यावरचा खटका झिजून ती उघडी राहीनाशी होते. हवाई छत्रीलाही हाच न्याय लागू आहे. फरक इतकाच की, येथे खटका निसटला तर नुसते भिजण्यावर भागत नाही.

विमानातून उडी घेतलेला मनुष्य थोड्याच वेळात ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येऊ लागतो. छत्री उघडताच हा वेग काही सेकंदांत ताशी वीसएक किलोमीटरवर येतो. त्या क्षणी त्याच्या अंगावरील पट्ट्यांवर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण पडतो. हा ताण कापडाकडून दोऱ्यांकडे, दोऱ्यांकडून खांद्यावरील पट्ट्यांकडे आणि तेथून शरीराकडे पोहोचतो. या वाटेवरील बहुतेक सांधे धातूचे असतात.

त्यांपैकी तीन कड्यांची जोडणी विशेष प्रसिद्ध आहे. बिल बूथ या अमेरिकन संशोधकाने १९७० नंतरच्या दशकात ती तयार केली. मुख्य छत्री नीट उघडली नाही, तर ती अंगापासून तोडून राखीव छत्री उघडावी लागते. त्यासाठी मोठी, मधली व लहान अशा तीन कड्या एकमेकींत ओवलेल्या असतात. प्रत्येक कडी तरफेप्रमाणे काम करते. म्हणून शेवटच्या दोरीच्या फासावर मूळ भाराचा अल्पसा अंशच येतो. मूठ ओढताच तार सरकते, फास सुटतो आणि कड्या मोकळ्या होतात. मात्र कडी वाकली अथवा तारेवर मळ साचला, तर हीच जोडणी अडू शकते. यास्तव कड्या ठरावीक काळाने सोडवून पाहाव्या, ताठरलेले पट्टे हातांनी मऊ करावे व तार पुसून घ्यावी, असा शिरस्ता आहे.

झीज ओळखावी कशी? डोळ्यांइतकेच बोटांनी. पोलादावरील मुलामा उडाला की खाली गंज धरतो आणि त्याच्या खरखरीत कडेवर पट्ट्याचे धागे कातरले जातात. मांडीच्या पट्ट्यांच्या बकलांत एक दातेरी दांडी असते. तिचे दाते बोथट झाले, तर जमिनीवर घट्ट आवळलेला पट्टा हवेत हळूहळू सैल होऊ लागतो. दोऱ्या ज्यांतून सरकतात त्या गोल कड्यांवर बारीकसा ओरखडाही चालत नाही. तो नजरेस दिसला नाही तरी कडेवरून कापूस फिरवताच तंतू अडकतो व दोष उघडकीस येतो. किती साधी युक्ती ही!

झीज वयानुसार होणे स्वाभाविक आहे. ती अकाली झाली तर मात्र केवळ भाग बदलून स्वस्थ बसता येत नाही. वाळूवर उतरल्याने कण सांध्यात शिरून कानशीप्रमाणे घासत आहेत काय? बकल व पट्टा एकमेकांस योग्य मापाचे आहेत ना? डावी कडी उजवीपेक्षा अधिक का झिजली? एकाच घडणीच्या अनेक साजांत तोच दोष आढळला, तर तो वापरणाऱ्याचा नसून घडणीचा असण्याचा संभव असतो. अशा वेळी निर्मात्यास कळविणे हे कर्तव्य ठरते. एकाने पाठविलेली सूचना अनोळखी अशा अनेकांचे प्राण वाचवू शकते.

अमेरिकेत राखीव छत्री वापरण्यापूर्वीच्या १८० दिवसांत परवानाधारक तज्ज्ञाकडून उघडून, तपासून पुन्हा घडी करून घेतलेली असावी लागते. तपासणीची नोंद कार्डावर होते व गाठोड्यावर मोहोर लागते. आपल्याकडे आग्रा हे या विद्येचे केंद्र आहे. छत्रीधारी सैनिकांचे प्रशिक्षण तेथे होते आणि हवाई छत्र्यांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही तेथेच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोडे जण विमानातून उडी घेतील. परंतु झोपाळ्याची कडी, पाळण्याचा आकडा, विहिरीवरील रहाटाचा आस ही घरोघरची माणसे रोज ज्यांवर विसंबतात अशी धातूची कामे आहेत. 'अजून चालते आहे' हे त्यांच्या सुस्थितीचे प्रमाण नव्हे. झिजलेली कडी तुटेपर्यंत चालतच असते. तेव्हा आज सवड काढून पाळण्याच्या आकड्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. खाच लागली, तर मूल त्यात निजविण्यापूर्वी आकडा बदला, आणि तो इतक्या लवकर का झिजला हेही शोधा.