‘खुले’ नेटवर्क, पण जबाबदारी कोणाची?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च, ९७ हजार ५०० हून अधिक टॉवर, आजवर रेंज नसलेली २६ हजार ७०० गावे, असे आकडे सरकारने दिले. मोबाईल जाळ्याची यंत्रे स्वतः बनविणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्या पंक्तीत भारत बसला, हे श्रेय आम्ही नाकारणार नाही. परंतु आरत्या ओवाळून झाल्यावर एक प्रश्न विचारणे भाग आहे. या टॉवरवर उद्या निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र चालतील काय? आणि चालली नाहीत तर जाब कोणाला विचारायचा?

टॉवरवर अँटेना असते, तिच्याजवळ रेडिओ असतो. खाली किंवा दूरच्या केंद्रात आकडेमोड करणारे यंत्र असते, त्याला बेसबँड म्हणतात. दोघांना जोडणारी फायबरची तार असते. मक्तेदारीचे मूळ या तारेत आहे. २००३ साली एरिक्सन, हुआवे, एनईसी, नोर्टेल आणि सीमेन्स यांनी या तारेवरून बोलण्याची एक भाषा ठरविण्यास सुरुवात केली. सीपीआरआय हे तिचे नाव. भाषा जाहीर झाली खरी, पण प्रत्येक कंपनीने तीत आपली बोली मिसळली. परिणामी एकीचा रेडिओ दुसरीच्या बेसबँडशी बोलेना. एकदा एका दुकानातून माल घेतला की पुढची प्रत्येक दुरुस्ती आणि प्रत्येक वाढीव यंत्र त्याच दुकानातून, तो सांगेल त्या भावाने!

हे जोखड फेकण्यासाठी २०१८ साली एटी अँड टी, चायना मोबाईल, डॉइश टेलिकॉम, डोकोमो आणि ऑरेंज या सेवा कंपन्यांनी ओ-रॅन अलायन्स स्थापन केली. तारेवरची भाषा सर्वांसाठी एकच असावी, म्हणजे रेडिओ एकाचा, बेसबँड दुसऱ्याचा, संगणक तिसऱ्याचा असे जोडता येईल, ही तिची भूमिका. भूमिका योग्यच होती. पण व्यवहारात काय घडले?

जपानच्या राकुतेनने एप्रिल २०२० मध्ये अगदी नव्याने असे जाळे सुरू केले. ४जीचे रेडिओ नोकियाचे, सॉफ्टवेअर अल्टिओस्टारचे. जाळे चालले, पण पुढच्याच वर्षी राकुतेनने अल्टिओस्टार ही कंपनीच विकत घेतली. अमेरिकेत डिश कंपनीने मॅव्हनीरचे सॉफ्टवेअर, फुजित्सूचे रेडिओ आणि ॲमेझॉनची संगणक-सेवा जोडून २०२२ साली सेवा सुरू केली. २०२५ साली तिच्या मालक कंपनीने आपल्या लहरींचा मोठा हिस्सा एटी अँड टी आणि स्पेसएक्स यांना विकायचे ठरविले. हे खुल्या रचनेचे अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ग्राहक थोडे होते, कर्ज मोठे होते आणि नियामकाचा रेटाही होता. मात्र एटी अँड टीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिने डिसेंबर २०२३ मध्ये खुल्या जाळ्यासाठी पाच वर्षांचे सुमारे १४ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले ते एरिक्सनला, आणि त्यात नोकियाची जागा गेली. मक्तेदारी मोडायला निघालेल्यांनी पुरवठादार वाढविले की कमी केले, हे वाचकांनीच ठरवावे.

असे का होते? कंपन्यांची लबाडी हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे कामाच्या स्वरूपात आहे. ओ-रॅनच्या नियमांत जागोजागी पर्याय आहेत. माहिती दाबून पाठविण्याच्या पद्धती अनेक, लहरींना दिशा देण्याच्याही अनेक. दोन यंत्रे नियमाला धरून असूनही त्यांनी वेगवेगळे पर्याय निवडले तर ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात वेळेचा जाच आहे. ५जीमध्ये शेजारच्या टॉवरांची घड्याळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीइतकीच मागेपुढे चालतात. त्याहून अधिक चुकली की एका टॉवरचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळते. आता समजा, एका गावात रोज दुपारी फोन तुटतात. रेडिओवाला म्हणेल, सॉफ्टवेअरने उशीर केला. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, घड्याळ चुकले. घड्याळवाला फायबरकडे बोट दाखवील. प्रत्येकाकडे आपापल्या प्रयोगशाळेचे पास झाल्याचे कागद असतील! शिवाय एकाने सॉफ्टवेअर बदलले की सगळी जोडणी पुन्हा तपासावी लागते, आणि ही तपासणी यंत्र विकत घेताना कोणी हिशेबात धरत नाही. म्हणून सेवा कंपन्या अखेर सगळी जबाबदारी घेणारा एक धनी शोधतात. जो जोडणी करतो, तोच नवा मक्तेदार होतो.

आता बीएसएनएलकडे वळू. जुने निविदापत्र २०२० साली रद्द झाले. मे २०२३ मध्ये टीसीएसच्या नेतृत्वाखालील गटाला १५ हजार कोटींहून मोठे काम मिळाले. एअरटेलने ४जी सुरू केले होते २०१२ साली, जिओने २०१६ साली. ज्यांच्या गावात केवळ सरकारी टॉवर होता, त्यांनी एवढी वर्षे वाट पाहिली. गाभ्याचे सॉफ्टवेअर सी-डॉट या १९८४ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचे, रेडिओ आणि बेसबँड तेजस नेटवर्क्सचे, जुळवणी टीसीएसची. नावे तीन दिसतात. परंतु तेजसची सूत्रे २०२१ पासून टाटा समूहाकडे आहेत, आणि टीसीएस तर टाटांचीच. म्हणजे रेडिओ आणि बेसबँड यांच्यामधली ती तार एकाच कंपनीच्या घरात राहिली. घाईच्या कामात एकच जबाबदार धनी हवा होता, हे आम्ही समजू शकतो. आमचा रोख टाटांवर नाही, पुढच्या खरेदीवर आहे.

हे जाळे ५जीसाठी सज्ज असल्याचे सरकार सांगते. तर त्या खरेदीआधी काही टॉवरांवर तेजसच्या बेसबँडला दुसऱ्या भारतीय उत्पादकाचा रेडिओ जोडून दाखवावा. तपासणी विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेत नको. मे २०२२ मध्ये आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी मिळून सुमारे २२० कोटींचा ५जी चाचणी-मंच उभा केला आहे, तो लहान उद्योगांसाठीच आहे, त्याचा उपयोग करावा. कोणते पर्याय निवडले ते जाहीर करावे, म्हणजे एखादा छोटा कारखानदारही त्याप्रमाणे यंत्र बनवू शकेल. आणि निविदेत स्पष्ट लिहावे, की बिघाड कोणाचा हे ठरेपर्यंत दुरुस्तीचा खर्च कोण सोसणार, आणि रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या कनिष्ठ अभियंत्याने फोन कोणाला करायचा.