शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

ग्वाल्हेर हे मराठी माणसास परके शहर नव्हे. शिंद्यांच्या त्या राजधानीत १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. स्त्रिया व मुले यांचे कमलाराजा रुग्णालय त्यालाच जोडलेले आहे. आपण जशी मुंबईची वाट धरतो, तशी भिंड-मुरैनाकडील खेडुत आईबापे आजारी लेकरू घेऊन ग्वाल्हेरची वाट धरतात.

अशा मोठ्या रुग्णालयांत अधूनमधून गुदद्वार नीट न घडलेले मूल येते. सुमारे ५,००० जन्मांमागे एकात हा दोष आढळतो. मुलग्यास शौचाची वाटच नसेल तर पहिल्या दोन दिवसांत पोट फुगते व धावाधाव होते. मुलीत मात्र बहुधा जननमार्गाच्या तोंडाशी बारीकसे छिद्र असते व तेथून शौच होत राहते. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या ते ध्यानात येते. पण लाजेकाजेस्तव बोलायचे कोणी? यात महिने जातात. ही लाज आम्हांस मुळीच मान्य नाही.

शल्यवैद्य आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० साली मेक्सिकोत नवी पद्धत हाती घेतली. पाठीमागून बरोबर मध्यरेषेवर चीर देऊन, विजेच्या सूक्ष्म स्पर्शाने स्नायू ओळखून, आतड्याचे टोक त्यांच्या मधोमध बसवावयाचे. आज जगभर हीच रीत रूढ आहे.

तथापि टाके सुकले म्हणजे काम संपले, असा घरच्यांचा समज होतो. वर सांगितलेला दोष असलेल्या बहुतेक मुलींस शौचावर ताबा येतो, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण त्यांस बद्धकोष्ठ जडते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. मलाशय सुस्त असते. मळ साचतो, खडा होतो, मलाशय आणखी ताणले जाते. मग त्या खड्याच्या कडेने पातळ मळ नकळत पाझरून कपडे खराब होतात. घरचे म्हणतात, शस्त्रक्रिया फसली. कोणी जुलाब थांबविण्याचे औषध देतो, म्हणजे आगीत तेलच! कोणी पोरीला आळशी ठरवून मारतो. ती शाळा बुडविते, चर्चमध्ये मागल्या बाकावर एकटी बसते. दोष तिचा नसतो. पोट रिकामे झालेले नसते, इतकेच.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. डॉक्टरांनी ठरविलेले रेचक रोज द्यावे. आपल्या मनाने बंद करू नये. जेवणानंतर ठरल्या वेळी तिला शौचास बसवावे. पोट मोकळे होते की नाही, हे डॉक्टर क्ष-किरणचित्रावरून पाहू शकतात. कण्याच्या तळाचे हाड वा तेथील मज्जातंतू अपुरे असल्यास ताबा येणे कठीण. अशा मुलीस रोज ठरल्या वेळी एनिमा दिल्यास पुढचा दिवस ती स्वच्छ राहू शकते व शाळेत जाऊ शकते. १९९० साली इंग्लंडमधील मलोन यांनी आंत्रपुच्छातून एनिमा देण्याची वाट दाखविली. मोठ्या मुलीस तो स्वतः घेता येतो. मूत्रपिंडे, हृदय व पाठीचा कणा यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण या दोषासोबत तेथेही व्यंग असू शकते.

शस्त्रक्रियेचे कागद मात्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावे व लग्नानंतर मुलीबरोबर द्यावे. बाळंतपण नैसर्गिक होऊ द्यावे की पोटावर शस्त्रक्रिया करावी, हे ठरविताना प्रसूतितज्ज्ञ तेच प्रथम मागतील.