बाकड्यावरची जागा

इंग्लंडातला माणूस आपल्या भागातल्या पबला गुण देतो. बिअर कशी आहे, खायला काय मिळतं, वाढणारा कसा वागतो आणि एकूण वातावरण कसं आहे, हे त्याचे चार विषय. तिथल्या ग्राहकांनी १९७१ साली चांगल्या बिअरसाठी संघटनाच काढली आणि पुढे ती चांगल्या पबांची यादी दरवर्षी छापू लागली. आपल्याकडे एखादा गृहस्थ गुत्त्यांना असे गुण देत बसला, तर घरचे आधी त्यालाच नापास करतील. पण पब म्हणजे नुसती दारू नव्हे. दिवसाचं काम उरकल्यावर माणसं जिथं टेकतात, पावसापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यावर बोलतात, ती ती जागा. आपल्या खेड्यात हे काम हॉटेल करतं. हॉटेल म्हणजे पत्र्याखालची एक भट्टी, दोन बाकडी आणि काचेच्या बरण्या. तेव्हा इंग्रजांची ती गुणपत्रिका आपल्या हॉटेलांना लावून पाहायला हरकत नसावी.

मी ती लावली आहे. १९८० नंतरच्या दशकात बँकेचा अधिकारी म्हणून मी परभणी जिल्ह्यात फिरत होतो. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा लागतं. तेव्हा रूळ मीटरगेजचे होते आणि पॅसेंजरवर वेळेवर येण्याची सक्ती कुणी केलेली नव्हती. कर्जदारांच्या भेटी आटोपल्या की गाडीची वाट पाहत हॉटेलात बसायचं. बँकेच्या माणसाला रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. खिशातल्या डायरीत मी गावोगावच्या हॉटेलांना दहापैकी गुण देत असे. चुडाव्याच्या हॉटेलापुढे लिहिलेलं अजून आहे : चहा आठ, भजी सात, सेवा नऊ, वातावरण आठ. चहा म्हशीच्या दुधाचा, आलं ठेचून घातलेला. पण संध्याकाळपर्यंत उकळून उकळून कडू होई. भजी मिरचीची, चांगली झणझणीत. सेवेला नऊ, कारण दुसऱ्याच भेटीत मालकाने न विचारता कमी साखरेचा कप समोर ठेवला होता.

जॉर्ज ऑरवेलने १९४६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबवर एक लेख लिहिला होता. बिअरच्याही आधी तो वातावरणाला मान देतो, आणि शेवटी सांगून टाकतो की असा पब मुळात अस्तित्वातच नाही. वातावरणाला मीही सढळ हाताने गुण देत असे. ते किती डोळे मिटून देत होतो, याची साक्ष त्याच डायरीतलं दुसरं एक पान देतं. त्या गावाचं नाव सांगत नाही.

तिथल्या एका हॉटेलमालकाने धंदा वाढवण्यासाठी कर्ज मागितलं होतं. पाहणीला मी आणि शाखेतला शिपाई गेलो. मी आत शिरलो. शिपाई दाराशीच थबकला. ‘‘साहेब, तुम्ही घ्या. मी हितंच बरा,’’ म्हणाला. मालकाने मला कपबशी दिली. बाहेर वळचणीला खिळ्यांवर टवके उडालेले दोन कप टांगलेले होते. शिपायाने त्यातला एक स्वतःच काढला, विसळला, पुढे धरला. मालकाने वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर शिपायाने कप पुन्हा विसळून खिळ्याला अडकवला. कुणी कुणाला वावगा शब्द बोललं नाही. भजी उत्तम होती. परतताना शिपाई नेहमीसारखा बोलत होता, मी गप्प होतो. रात्री मी डायरीत वातावरणाला आठ गुण लिहिले.

कर्जही मंजुरीला पाठवलं. अर्जात रोजची विक्री, भांडी, बसण्याची जागा असे रकाने होते. त्या जागेवर कोण बसतं, असा रकाना नव्हता. पण रकाना नव्हता म्हणून मी गप्प राहिलो, असं म्हणणं खोटं ठरेल. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि १९५५ च्या कायद्याने अशी शिवाशिव गुन्हा ठरवलेली आहे, हे मला माहीत होतं. वसुलीला पुन्हा त्याच गावात यायचं आहे, एवढाच विचार मी केला.

अशा वेळी काय करता येतं, ते साठहून अधिक वर्षांपूर्वीच कोल्हापुरात दिसून गेलं होतं. गंगाराम कांबळे यांनी तिथं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा राजर्षी शाहू महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवत, सगळ्यांच्या देखत गंगारामांचा चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. त्या चहाला महाराजांनी किती गुण दिले, ते कुणी विचारत नाही. मी महाराज नव्हतो, हे खरं. पण कप हातात घेऊन दारापर्यंत चालत जायला आणि शिपायाशेजारी उभं राहून प्यायला संस्थान लागत नव्हतं.

आता बऱ्याच ठिकाणी कागदी कप आले आहेत. सगळ्यांना सारखा, प्यायला की फेकला. वळचणीचा खिळा रिकामा झाला असेल, तर चांगलंच आहे. पण कप एक झाला म्हणजे बाकडं एक झालं का, हे कपाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी बाकड्याकडेच पाहावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात नांदेडहून येताना आम्ही चुडाव्याला थांबलो. रूळ १९९० नंतरच्या दशकातच ब्रॉडगेज झाले; माझं जुनं हॉटेलही आता नाही. एका दुसऱ्या हॉटेलातून मी सवयीने दोन कप घेतले आणि एक गाडीत बसलेल्या पत्नीला नेऊन दिला. ‘‘अहो, तिथं बसायला काय झालं?’’ ती म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. तीन बाकडी, दहा-बारा माणसं, बाई एकही नाही. इतकी वर्षं असल्या हॉटेलांत बसून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ऑरवेलच्या पबामागे एक बाग होती. नवऱ्याने एकट्याने पबात जायचं आणि बायकोने घरी मूल सांभाळत बसायचं, असं न होता सगळं कुटुंब तिथं येऊ शकतं, म्हणून त्या बागेचं त्याला मोठं कौतुक होतं.

आम्ही आत गेलो. गप्पा क्षणभर थांबल्या. मग एक म्हातारे गृहस्थ सरकले, ‘‘या बाई, बसा,’’ म्हणाले. मालकाने बाकडं पुसलं. सोयाबीनच्या भावावरची चर्चा पुन्हा सुरू झाली आणि दुसरा कप येईपर्यंत तीही त्या चर्चेत बोलू लागली होती.

आज रविवार. बाहेर चहाला जाणार असाल, तर भज्यांना हवे तितके गुण द्या. पण त्याआधी आत कोण बसलं आहे, दाराशी कोण उभं आहे आणि कोण आलेलंच नाही, एवढं पाहून घ्या.

बँकेत चुकीचा आकडा पुसत नाहीत. त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात आणि सही करतात. घरी आल्यावर मी जुनी डायरी काढली. त्या गावाच्या पानावरच्या आठावर रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि सही केली. सहीखाली तारीख मात्र आजची घालावी लागली.