कानांचं रक्षण गोळीने होत नाही

पुण्यातील ढोल-ताशा पथकांचे प्रमुख आणि गणेश मंडळांचे पदाधिकारी यांस,


माझी मुलगी पथकात ताशा वाजवते, याचा मला अभिमान आहे. पण सरावाहून येते तेव्हा तिच्या कानांना दडे बसलेले असतात आणि रात्री कानात शिट्टी वाजत राहते. कुणीतरी सुचवलं म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन निर्धास्त झाल्या आहेत. म्हणून हे पत्र.

या गोळ्यांची कल्पना हवेतून आलेली नाही. अ, क, ई जीवनसत्त्वं आणि मॅग्नेशियम यांमुळे आवाजाने होणारी कानाची हानी कमी झाल्याचं गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं. इस्रायली सैन्यातल्या जवानांना मॅग्नेशियम दिल्यावर काही फायदा झाल्याचा अभ्यासही १९९४ साली प्रसिद्ध झाला. तरीही माणसाचे कान खात्रीने वाचवेल अशी एकही गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. मॅग्नेशियमसाठी तीळ, शेंगदाणे, बाजरी, पालेभाज्या मुलांनी जरूर खाव्यात. त्यांच्या भरवशावर ताशासमोर उभं राहू नये.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कानाची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि भरलेलं पथक १०० सहज ओलांडतं. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

तेव्हा सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक वादकाला इअरप्लग द्या आणि घालायला शिकवा. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरायचा. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. ताल नीट ऐकू येत नाही अशी तक्रार असेल, तर वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात. ताशेवाल्यांना आलटूनपालटून विश्रांती द्या. हंगामाआधी आणि नंतर सगळ्यांची श्रवणचाचणी करून घ्या. मंडळांनी पथकाशेजारी स्पीकरची भिंत उभी करू नये आणि लहान मुलांना ढोलांपासून लांब ठेवावं.

मुलं तुमचा शब्द मोडत नाहीत. गणवेशाबाबत असता तितकेच याबाबतही कडक व्हा. ज्याच्या कानात प्लग नसेल, त्याच्या गळ्यात ताशा आणि कमरेला ढोल चढणार नाही, हा नियम यंदापासूनच लावा.

आपली,
एका ताशावादक मुलीची आई