पडदा बसवतील डॉक्टर, जपायचा आपण

वर्गात मूल हाकेला ओ देत नाही, श्रुतलेखनात शब्द गाळते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, ढ आहे. पण त्याचा कान वाहतो का, हे किती घरांत विचारले जाते? ज्या मुलाला अर्धे ऐकू येते ते अर्धेच शिकते, आणि कष्टकऱ्यांच्या घरात शिक्षण हीच खरी इस्टेट. म्हणून या वेळी कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनाविषयी आम्ही लिहीत आहोत. गेल्या वर्षी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचे हे ऑपरेशन झाले, तेव्हा हे सारे नुसते ऐकीव नाही.

सर्दी-पडशाचे जंतू नाकामागच्या नळीतून मधल्या कानात शिरतात, पू साठतो आणि पडदा फुटतो. पुष्कळदा हे छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरते. पण कान पुन्हापुन्हा वाहिला तर ते तसेच राहते. मग ऐकू कमी येते आणि पाणी आत गेले की पुन्हा पू सुरू होतो. अशा वेळी कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरील पातळ पापुद्रा काढून तो छिद्रावर ठिगळासारखा बसवतात. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. बहुतेकांचा पडदा जुळून येतो. काहींचा जुळत नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

लहान वयात सर्दी वारंवार होते, म्हणून काही डॉक्टर मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत थांबायला सांगतात. ती टाळाटाळ नव्हे. मात्र घाण वासाचा पू सतत येत असेल तर एक दिवसही थांबू नये. हाड पोखरणारा रोग आत असू शकतो.

पूर्वतयारीतले पहिले काम म्हणजे कान कोरडा ठेवणे. लसूण घालून कोमट केलेले तेल, दूध, कसला रस, काडी, पीन, काहीही कानात घालू नये. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना हे न दुखवता, पण स्पष्ट सांगावे. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून तो बोळा कानात बसवावा. श्रवण तपासणी आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. ऑपरेशनाच्या आधी सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नये. तारीख पुढे गेली तरी चालेल. भूल देण्यापूर्वी किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टर सांगतात, ते काटेकोर पाळावे. मायेपोटी दिलेले एक बिस्कीटही जिवावर बेतू शकते.

खर्चाची चौकशी भरती होण्याआधीच करावी. शाळेत व अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून मुलांचे कानही तपासते व पुढच्या उपचारासाठी पाठवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला विचारावे. मुंबईत केईएम, नायर, शीव अशा महापालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. खाडा पडून रोजी बुडते, म्हणून मुलाजवळ कोण केव्हा बसणार हे आई-वडिलांनी आधीच ठरवावे.

मुलाशी खोटे बोलू नये. "तुला झोप येईल, उठशील तेव्हा कानाला पट्टी असेल, थोडे दुखेल, आम्ही जवळच असू," एवढे आम्ही मुलीला सांगितले आणि ती धीराने आत गेली.

शुद्धीवर आल्यावर उलटी, थोडी चक्कर, कानात टकटक होणे, पट्टीला किंचित रक्त लागणे यांनी घाबरू नये. कानात औषधाचा बोळा असतो, त्यामुळे सुरुवातीला उलट कमीच ऐकू येते. आमच्या शेजारणी कुजबुजल्या, "होते तेही गेले वाटते!" बोळा निघाल्यावर ऐकणे हळूहळू सुधारते. नवा पडदा पहिले काही आठवडे फार नाजूक असतो. नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून शिंकावे. मानेखालूनच अंघोळ घालावी. केस धुण्याआधी डॉक्टरांना विचारावे. उड्या, मारामारी, जड दप्तर बंद. विहिरीत-नदीत पोहणे तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नाहीच. ताप, वाढती वेदना, पू, कानामागे सूज, न थांबणारी चक्कर किंवा तोंड वाकडे दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

शाळेत पाठवण्याआधी बाईंना भेटून मुलाला पुढच्या बाकावर, चांगला कान बाईंकडे राहील असे बसवायला सांगावे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा श्रवण तपासणी करावी. कान दुखत नाही म्हणून ती टाळू नये.

आम्हालाही कुणी सुचवले होते, मुलीच्या जातीला एवढा खटाटोप कशाला? आम्ही म्हटले, ज्या कानाने ती उद्या कॉलेजातले व्याख्यान ऐकणार आहे, त्या कानासाठी खाडे पडले तरी चालतील. मुलाचा असो वा मुलीचा, वाहता कान नशिबावर सोडू नका.